निर्वासिताची भाकरी

परदेशी गेलेल्या देशभक्ताच्या चरित्रात त्याचे ध्येय, त्याग आणि साहस यांना भरपूर जागा मिळते. तो तेथे पोट कसे भरीत होता, हा प्रश्न बहुधा तळटीपेत जातो. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या बाबतीत मात्र ही तळटीपच अखेर मुख्य मजकूर ठरली.

१८८४ साली वर्ध्यात जन्मलेल्या खानखोज्यांनी तरुणपणी देश सोडला तो सशस्त्र क्रांतीचे शिक्षण घेण्यासाठी. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले. तेथे लष्करी शिक्षणाबरोबरच त्यांनी कृषिशास्त्राचेही शिक्षण घेतले. १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत ते अग्रभागी होते. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. युद्ध संपले, उठाव फसला आणि मायदेशाची दारे बंद झाली. जर्मनी आणि रशिया पालथा घालून १९२४ मध्ये ते मेक्सिकोत आले, तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावरील या निर्वासिताच्या हाती विकण्याजोगे एकच होते : शेतीचे ज्ञान.

त्यांना तेथे काम मिळाले, यामागे केवळ दैव नव्हते. मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती. जमीनदारांची जमीन कसणाऱ्यांना वाटावयाची, तर त्यांना शिकवणारी माणसे हवी होती. शिवाय कॅलिफोर्नियात मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेल्या ओळखी उपयोगी पडल्या. ब्रिटिश साम्राज्यात जो पूर्वेतिहास गुन्हा ठरत होता, तोच येथे शिफारसपत्र ठरला. एका जुन्या जमीनदारी वाड्यात नव्याने हलविलेल्या चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले.

नोकरी मिळणे आणि त्या भूमीत रुजणे यांत अंतर असते. खानखोजे स्पॅनिश शिकले, गहू आणि मका यांच्या सुधारित वाणांवर त्यांनी संशोधन केले. विद्यालयाच्या भिंतींबाहेर पडून त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढल्या. टीना मोदोत्ती यांनी या कामाची छायाचित्रे टिपली. दिएगो रिवेरा यांच्या 'आमची रोजची भाकरी' या १९२८ च्या भित्तिचित्रात मेजाशी बसून भाकरी मोडणारी आकृती खानखोज्यांची असल्याचे सांगितले जाते. अन्नाच्या शोधात आलेला परका त्या देशाच्या पंगतीत यजमानाच्या जागी बसला!

स्वातंत्र्यानंतर त्यांनी मायदेशी येऊ पाहिले, तेव्हा ब्रिटिश अमदानीतील बंदीमुळे त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. ती बंदी उठल्यावर १९५५ मध्ये ते भारतात स्थायिक झाले आणि १९६७ मध्ये नागपुरात निवर्तले. ज्या देशासाठी त्यांनी घर सोडले, त्याला त्यांचे नाव काळ्या यादीतून पुसायला वेळ लागला. ज्या देशाचे ते काहीच लागत नव्हते, त्याने त्यांच्या हाती बियाणे दिले होते.

स्थलांतरिताला आपलेसे करणे म्हणजे काय, हे सांगायला एवढा फरक पुरेसा आहे.