चालणारी भिंत, उभा खांब : ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) पुन्हा पाहताना

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत ज्ञानेश्वर’ १९४० साली प्रदर्शित झाला. आमच्या आजोबांच्या पिढीने तो थिएटरात आणि गावोगावच्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाहिला. आमच्या पिढीने तो दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिला. त्यातले बाकी फारसे काही लक्षात राहिले नव्हते. पण चार भावंडे भिंतीवर बसली आहेत आणि ती भिंत चालू लागली आहे, हे दृश्य मनातून कधी पुसले गेले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवरच्या एका पडक्या भिंतीवर बसून आम्ही तिला ‘चल’ म्हटल्याचेही आठवते. भिंत हलली नाही, आणि शाळेत उशीर झाल्याबद्दल छड्या तेवढ्या मिळाल्या.

आजचे विद्यार्थी ज्याला सुपरहिरोचा चित्रपट म्हणतात, त्याची आमची पहिली ओळख ही अशी झाली. ‘सुपरमॅन’ आमच्या आयुष्यात पुष्कळ नंतर आला. म्हणूनच मध्यंतरी एम.ए.च्या वर्गाला ज्ञानेश्वरी शिकवीत असताना हा चित्रपट दाखवावा, असे आम्हां दोघांच्याही मनात आले. चित्रपट संपल्यावर वर्गात काय लक्षात राहिले असे विचारले. उत्तरे अपेक्षेप्रमाणेच आली : रेडा, भिंत, समाधी. मागच्या बाकांवर थोडी खसखसही पिकली, कारण ज्यांचे डोळे संगणकावर घडवलेल्या युद्धांना सरावले आहेत त्यांना १९४० ची युक्तिदृश्ये भाबडी वाटणारच. मग एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, रेडा वेद बोललाच नसता, तर त्या मुलांना शुद्धिपत्र द्यायचेच नव्हते का?”

त्या तासाला आम्ही या प्रश्नाचे उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख त्या न दिलेल्या उत्तराचाच प्रयत्न आहे.

प्रथम काळाचा एक योगायोग लक्षात घ्यावा. अमेरिकेत जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा ‘सुपरमॅन’ जून १९३८ मध्ये चित्रकथेतून अवतरला. १९४१ पासून तो व्यंगपटांतून पडद्यावर उडू लागला. आणि माणूस आकाशात उडतो यावर प्रेक्षकांचा विश्वास बसेल, अशी जाहिरात करीत आलेला त्याचा प्रसिद्ध चित्रपट १९७८ चा. म्हणजे मेट्रोपोलिसचा वीर पडद्यावर उडण्यापूर्वीच पुण्याच्या स्टुडिओत आळंदीची भिंत चालली होती. यात अभिमान बाळगण्यासारखे विशेष काही आहे असे आम्हांला वाटत नाही, कारण आपला चित्रपट जन्मला तोच चमत्काराच्या पोटी. दादासाहेब फाळक्यांनी ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) या मूकपटांतून प्रेक्षकांना जे दाखवले, ते पुराणातले अद्भुतच होते. ‘संत ज्ञानेश्वर’चे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. त्यांतले फत्तेलाल मूळचे कलादिग्दर्शक, आणि दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार. दगडामातीची भिंत चालवायची आणि मुक्या जनावराच्या तोंडी वेद घालायचे, तर याहून योग्य जोडी मिळणे कठीण होते.

तथापि समीक्षकांनी या जोडीच्या ‘संत तुकाराम’ला (१९३६) नेहमीच झुकते माप दिले. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला आणि विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम अभ्यासकांच्या कौतुकाचा विषय ठरला. ‘तुकाराम’मध्ये माणूस दिसतो आणि ‘ज्ञानेश्वर’मध्ये करामत, असा एक सर्वसाधारण ग्रह झाला. आम्हीही वर्गात हेच सांगत आलो होतो. पुन्हा पाहताना मात्र आमचे मत डळमळले. ते का, हे सांगण्यासाठी थोडे आमच्या जिल्ह्यात यावे लागेल.

प्रौढ ज्ञानेश्वराची भूमिका करणारे शाहू मोडक हे नगरचे. जन्म २५ एप्रिल १९१८, तेव्हाच्या अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात), एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात. भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये (१९३२) ते बालकृष्ण झाले, ‘माणूस’मध्ये (१९३९) शांता हुबळीकरांसमोर वेश्येच्या प्रेमात पडलेला साधा पोलीस शिपाई झाले, आणि पुढच्याच वर्षी ज्ञानेश्वर. तेव्हा त्यांचे वय बावीस. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली ती एकविसाव्या वर्षाच्या आसपास, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चेहऱ्यावरच्या कोवळेपणाचा अर्थ कळतो. चमत्कार करणाऱ्या माणसाचा कोणताही आविर्भाव त्या चेहऱ्यावर नाही. मोडकांचा ज्ञानेश्वर दृष्टी किंचित खाली ठेवून बोलतो, आणि आपल्या हातून जे घडले त्याचा त्याला थोडा संकोचच वाटत असावा, असे पाहणाऱ्याला वाटत राहते.

ख्रिस्ती घरातला मुलगा ज्ञानेश्वर कसा झाला, याचे आज कुणाला नवल वाटेल; नगरच्या वाङ्मयीन इतिहासाची ओळख असलेल्याला ते वाटू नये. अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरातूनच सुरू झाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांचे संसार-कार्य राहुरी-नगर भागात बहरले; त्यांनी ‘अभंगांजली’ लिहिली, ती ख्रिस्ताला वारकऱ्यांच्या छंदातून हाक मारण्यासाठी. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. टिळकांनी संतवाणीकडे पाठ फिरवली नाही. उलट तिच्यावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. शाहू मोडकांच्या जन्माच्या वेळी टिळक हयात होते. ज्या समाजाने अभंग आणि कीर्तन आपले मानले, त्यातल्या एका मुलाने पडद्यावर ज्ञानेश्वर व्हावे, ही त्या परंपरेचीच एक स्वाभाविक पुढची पायरी म्हणता येईल.

आता या कथेतले चमत्कार कुठून आले, ते पाहू. त्यांचे बीज नामदेवांच्या नावावरील अभंगांत सापडते. पण त्या कथा घरोघर पोचवल्या त्या महिपतींनी. हे महिपती राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ चा. श्रावणात ज्या घरांत पोथी लागत असे, त्या घरांतल्या श्रोत्यांनी भिंत आणि रेडा ओवीतून शेकडो वेळा पाहिले होते. ‘प्रभात’ने ते पडद्यावर आणले इतकेच. याच ‘भक्तविजया’चे इंग्रजी भाषांतर अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन ॲबट यांनी नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने केले, आणि ते १९३० च्या दशकात प्रसिद्ध झाले. ताहाराबादची पोथी, नगरचे मिशन आणि नगरचा नट हे तिन्ही धागे असे एकाच मुलखात भेटतात.

आणि चौथा धागा नेवाशाचा. पैठणहून परतताना प्रवरेकाठच्या नेवाशात भावंडे थांबली, आणि तिथे एका खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, अशी परंपरा आहे. ग्रंथाच्या अखेरीस शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, असा काळ आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव येते. हा खांब म्हणजे ‘पैस’. दुर्गा भागवतांच्या ज्या ललितलेखसंग्रहाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचे नाव त्यावरूनच आले. नेवाशालाही चमत्कार आहेच : हे सच्चिदानंदबाबा मृत होऊन चितेकडे निघाले होते आणि ज्ञानेश्वरांनी त्यांना उठवले, असे सांगतात. पण या चमत्काराचा शेवट पाहावा. उठलेला माणूस काय करतो? लेखणी हातात घेतो आणि लिहायला बसतो.

याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात योग्याला मिळणाऱ्या सिद्धींचे वर्णन आहे. समुद्रापलीकडचे दिसणे, स्वर्गातली बोलणी ऐकू येणे, मुंगीच्या मनातले कळणे, वाऱ्यावर स्वार होणे, पाण्यावरून चालताना पाऊल न भिजणे : सुपरहिरोंच्या अंगच्या शक्तींची यादी करायला सांगितली, तर आमचे विद्यार्थी याहून निराळी करणार नाहीत. परंतु ज्ञानेश्वर या सिद्धींवर दोनच ओव्या खर्च करतात. या गोष्टी प्रसंगाने येतात, वाटेत भेटतात, असे म्हणून ते पुढे निघून जातात. ज्याच्या नावावर लोकांनी चालती भिंत घातली, त्याला स्वतःला अशा चालण्या-उडण्याचे अप्रूप नव्हते. आणि ग्रंथाच्या शेवटी पसायदानात जे मागणे आहे, त्यात अशा एकाही शक्तीची मागणी नाही.

इथे आम्ही त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाशी येऊन पोचतो. अमेरिकन सुपरहिरो आणि संन्याशाची ही पोरे यांच्यात एक साम्य आहे : दोघेही पोरके. सुपरमॅनचा ग्रह नष्ट झाला; या मुलांच्या आईवडिलांनी ब्राह्मणांनी सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त घेतले. पण सुपरहिरो आपली शक्ती लपवतो, चष्मा लावून कचेरीत बसतो. या मुलांना ती दाखवावी लागते. चमत्काराच्या आधीचा प्रसंग प्रत्येक वेळी पाहा. सर्वांभूती एकच आत्मा असेल तर या रेड्याच्या मुखातून वेद वदवून दाखव, असे पैठणात म्हटले जाते. मांडे भाजायला खापर मिळू दिले जात नाही, म्हणून ज्ञानदेवाच्या पाठीचा तवा होतो. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आपला मोठेपणा मिरवीत येतो, म्हणून भिंत चालते. नकार किंवा आव्हान आधी, चमत्कार नंतर. इतरांना जे जन्माने मिळते, त्यासाठी या मुलांना पुरावा द्यावा लागतो, आणि तोही अशक्यप्राय.

म्हणून ‘नसते दिले का?’ या प्रश्नाचे उत्तर, परंपरेच्या साक्षीनेच, ‘नसते दिले’ असे आहे. आणि याच ठिकाणी चित्रपटाच्या मर्यादेचीही नोंद केली पाहिजे. चमत्कार दिसताच विरोधक हात जोडतात, प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि अन्याय मिटला असे दोघांनाही वाटते. पुरावा मागण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला, हा प्रश्न टाळ्यांत बुडून जातो. महिपतींच्या पोथीतही तो असाच बुडालेला आहे. आम्ही लहानपणी भिंतीवर बसून ‘चल’ म्हणत होतो, तेव्हा आम्हांलाही तो पडला नव्हता.

असे असूनही हा चित्रपट आज आम्हांला पूर्वीपेक्षा अधिक आवडतो, याचे कारण तो बनवणाऱ्यांत आहे. धर्मशास्त्राने बाहेर ठेवलेल्या चार मुलांची ही कथा पडद्यावर आणणाऱ्यांत एक दिग्दर्शक दामले होते, दुसरे ‘साहेबमामा’ फत्तेलाल होते, आणि नायक नगरच्या ख्रिस्ती घरातला होता. त्यांच्याकडे कुणी शुद्धिपत्र मागितले नाही. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाने त्या मोडकांच्या चेहऱ्याला मनोमन नमस्कार केला, आणि पुढेही अनेक वर्षे त्यांना कृष्णाच्या रूपात पाहिले. आज अशी निवड केली तर पहिल्या जाहिरातीपासून किती खुलासे द्यावे लागतील, याचा विचार वाचकांनीच करावा. भिंत चालवणे ही प्रभातच्या स्टुडिओतली कारागिरी होती. विनाअट स्वीकार ही त्या काळच्या थिएटरात अंधारात बसलेल्या माणसांची करणी होती, आणि दोहोंत अधिक अवघड काय, हे सांगायला नको.

पुढच्या महिन्यात आम्ही वर्गाला नेवाशाला घेऊन गेलो. खांब पाहून एक विद्यार्थी निराश झाला, ‘एवढाच?’ असे तो म्हणाला. प्रश्न विचारणारी ती विद्यार्थिनी मात्र बराच वेळ तिथे बसून होती. परतताना गाडीत तिने सांगितले, “सर, इथे त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. इथे ते स्वतःहून बोलले.”

यंदा तो तास आम्ही याच वाक्यापासून सुरू केला. चित्रपट त्यानंतर दाखवला.