नारू कसा ओळखला गेला?

पोटातल्या जंतांचे निदान करायचे तर शौचातील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली शोधावी लागतात. नारूला त्याची गरज नसे. पायावरचा फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखी मादी बाहेर येई. मात्र तोवर लागणीला सुमारे वर्ष झालेले असे.

रोगी बारवेत उतरला की अळ्या पाण्यात सुटत. त्या सायक्लॉप्समध्ये शिरतात, हे रशियन संशोधक फेदचेन्को यांनी १८७०च्या सुमारास पाहिले. हे पाणी न गाळता पिणाऱ्याला नारू होई.

रोगावर औषध नव्हते. परंतु खूण स्पष्ट असल्याने १९८३-८४पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत महाराष्ट्रासह बाधित राज्यांत प्रयोगशाळेविना घरोघर रोगी शोधता आले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला.