निहाल (समाज)
निहाल हा बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जामोद, सोनबर्डी परिसरात राहणारा आदिवासी समाज आहे. ‘नहाल’ असेही लिहिले जाते. हे लोक मात्र स्वतःला ‘कलटो’ म्हणवतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘निहाल’ हे नाव कोरकू जमातीच्या नोंदीतच येते. त्यामुळे त्यांची निहाली भाषा कोरकूची बोली समजली जाते, पण या समजाला भाषाशास्त्रीय आधार नाही. कोरकू मुंडा कुळातील आहे. निहालीत कोरकू, मराठी व द्राविडी शब्द विपुल असले, तरी ती कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. निहालीचे भाषक सुमारे २,००० आहेत. जनगणनेत १०,००० पेक्षा कमी भाषक असलेल्या भाषांचे स्वतंत्र आकडे प्रसिद्ध होत नाहीत, म्हणून निहाली त्या यादीत दिसत नाही.