वीणा, खराटा आणि आपलं घर



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी कोण झाले, पंगती कोणी दिल्या, मुक्काम कुठं कुठं पडले हे याच अंकात जाणकार मंडळींनी लिहिलं आहे. मला लिहायचं आहे ते पाण्याबद्दल आणि घाणीबद्दल. दिंडी पाणी कुठलं प्यायली, बहिर्दिशेला कुठं गेली आणि मागं राहिलेली घाण कोणी उचलली? विषय ओंगळ वाटेल, पण कित्येक वारकऱ्यांचा जीव याच गोष्टीनं गेला आहे, म्हणून तो इतिहासात यायलाच हवा.

दिग्रसहून निघालं की वऱ्हाड मागं टाकून, मराठवाडा ओलांडून चंद्रभागा गाठायची. जुन्या काळी वाटेत लागेल त्या नदीचं, आडाचं पाणी प्यायचं. दिवस ज्येष्ठ-आषाढाचे. पहिल्या पावसानं शिवारातली सगळी घाण धुऊन त्याच पाण्यात उतरलेली. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रेत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ वारंवार उठायची आणि परतणाऱ्या माणसांबरोबर गावोगाव पोचायची. सकाळी वांत्या-जुलाब सुरू झाले की संध्याकाळपर्यंत धडधाकट माणूस जायचा. लोक मरीमायचा गाडा काढून शिवेबाहेर नेऊन सोडत. गाडा जाई, पण विहिरीतलं पाणी तेच राही.

पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत एका सार्वजनिक पंपावरून दाखवून दिलं. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये आपल्याच देशात, कलकत्त्याला, तिचा जंतू ओळखला. त्यानंतर यात्रेकरूंना टोचण्या सुरू झाल्या, विहिरींत औषध पडू लागलं. सरकारी सुईला घाबरून आडवाटेनं जाणारेही होते. हुकमानं सुई टोचता येते, पण माणसाची सवय बदलायला त्याच्याच बोलीत बोलणारा माणूस लागतो.

तो माणूस आपल्या वऱ्हाडानंच दिला. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. १९०५ मध्ये घर सोडलं ते डोक्यावर गाडगं आणि हातात खराटा घेऊन. बाबांची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. गावात शिरले की कोणाला न सांगता रस्ते झाडायला लागायचे, नाल्या मोकळ्या करायचे. रात्री कीर्तन. त्यात सवाल बाबांचा, उत्तर लोकांचं. हसता हसता माणूस आपलंच अंगण डोळ्यांपुढं आणायचा. पंढरपुरात लाखो लोक देवळाकडं धावत असताना बाबा चंद्रभागेचं वाळवंट झाडत. पंढरी, आळंदी, देहू, नाशिक इथं त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. गरिबाला डोक्यावर छप्पर आणि निजायला स्वच्छ जागा मिळाली, हेही आरोग्याचंच काम. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

बाबांचं हे काम राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गावाच्या रोजच्या दिनक्रमात बसवलं. मोझरीच्या गुरुकुंजातून गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भभर पसरल्या. पहाटे ग्रामसफाई, सडा-रांगोळी, मग रामधून, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. ग्रामगीतेचे अध्याय ४१. त्यात महाराजांनी ग्रामशुद्धीला आणि गावाच्या आरोग्यालाही जागा दिली. एका गल्लीनं झाडायचं आणि दुसरीनं पाहायचं असं त्यात नव्हतं. रामधून साऱ्या गावातून जायची, म्हणून झाडलोटही साऱ्या गावाची.

पुढं २००० साली महाराष्ट्र सरकारनं बाबांच्याच नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. साऱ्या महाराष्ट्रासारखी आपल्याकडचीही गावं चुरशीनं झाडली गेली. उकिरडे हलले, सांडपाण्याला शोषखड्डे झाले, गोदरीवर पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना 'गुड मॉर्निंग पथक' भेटू लागलं. हसण्यावारी गेलं खरं, पण अंधार पडायची वाट पाहत दिवसभर पोट दाबून बसणाऱ्या आयाबायांची त्यातून सुटका झाली. बक्षिसाची पाटी लागल्यावर काही गावांत खराटे पुन्हा कोपऱ्यात गेले, हेही खरं आहे.

आता पंढरीचं बोलू. आपण दर्शन घेऊन परत फिरायचो आणि वाळवंटातला मैला तिथले सफाई कामगार हातानं उचलायचे. विटेवरच्या देवापुढं सगळे सारखे म्हणणाऱ्या आपण सर्वांची घाण काही ठरावीक जातींच्या डोक्यावर टोपलीनं वाहिली गेली. हातानं मैला साफ करायला लावणं कायद्यानं बंद आहे. १९९३ चा कायदा होता, २०१३ ला आणखी कडक कायदा आला. वाळवंटाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, आदेश झाले. मग भक्तिसागर, म्हणजे ६५ एकरावर वारकऱ्यांच्या मुक्कामाची सोय उभी राहिली. २०१५ पासून निर्मल वारीत मोठ्या पालख्यांच्या मुक्कामी फिरती शौचालयं लागू लागली. जे गाडगेबाबा विनवून सांगत होते, ते ऐकायला आपल्याला कोर्टाची पायरी लागली. शताब्दीच्या आनंदात एवढं कबूल करणं वारकरी धर्माला धरूनच आहे.

आज वाटेवर टँकर येतो, पाण्यात टीसीएल पडतं, दवाखान्याची गाडी सोबत असते. जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी नाहीतर ओआरएसची पुडी हाताशी असते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून पटकीतले हजारो जीव वाचवले.

दिंडी म्हणजे चालतं गाव. तिथली शिस्त घरी आली तर वारी पुरी झाली. पिण्याचं पाणी झाकलेलं, घ्यायला ओगराळं. जेवणाआधी आणि शौचाहून आल्यावर साबणानं हात. मोरीचं पाणी शोषखड्ड्यात, त्यावर परसबागेतली चार वांगी-टमाट्याची झाडं. आठवड्यातून एक दिवस कोरडा, म्हणजे रांजण-टाक्या रिकाम्या करून घासायच्या. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. स्वयंपाकघरात धूर साचू द्यायचा नाही, तो चुलीपुढच्या बाईच्या छातीत जातो. यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. आशाताई, अंगणवाडीताई दारापर्यंत येतात, त्यांचं ऐकलं तरी पुष्कळ.

एक विनंती करून थांबतो. दिंडीत वीणा कधी खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तशीच खराट्याचीही पाळी लावावी. दर मुक्काम सोडताना पाच जणांनी मागं थांबून जागा झाडावी, आणि त्या पाचांत टाळकरी, मृदंगी, चोपदार, महाराज सगळ्यांचा नंबर यावा. पुढच्या शंभर वर्षांचा हिशेब लिहिणाऱ्याला मग आपली घाण कोणी उचलली हे शोधावं लागणार नाही.

राम कृष्ण हरी, माऊली.