रविवार कुणी मिळवून दिला?



मिस्सा संपल्यावर आवारात चार जण बोलत उभे राहिले की हल्ली एक शब्द हटकून येतो: टेन्शन. मास्तरांना आहे, बँकेतल्या बाबूंना आहे, नागपूरला नोकरीला गेलेल्या पोरांना तर आहेच. उपाय म्हणून कुणी प्राणायाम सांगतो, कुणी पहाटेची प्रार्थना. दोन्ही चांगले. पण कामाच्या ताणावरचा फार जुना उपाय म्हणजे आठवड्याची सुटी, आणि ती साहेबांनी नाहीतर मिशनऱ्यांनी दिली असा आपल्यात समज आहे. गिरणी कामगारांपुरता तरी तो खरा नाही.

1881 च्या फॅक्टरी कायद्याने गिरणीतल्या लहान मुलांना महिन्याला चार सुट्या दिल्या. मोठ्यांना एकही नाही. मुंबईत हा प्रश्न हाती घेतला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक; गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. सप्टेंबर 1884 मध्ये परळला कामगारांची सभा भरली आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या किती साध्या होत्या बघा: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. ताण कशाने येतो हे त्या माणसांना नेमके ठाऊक होते! एवढ्यासाठी सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्रियाही बोलल्या. 10 जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला, आणि 1891 च्या कायद्यात आठवड्याची सुटी आली. त्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या पत्रात कामगारांच्या रविवारच्या विसाव्याचा आग्रह धरला.

शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते. निर्गमात तिचे कारण सृष्टीची निर्मिती आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात कारण वेगळे आहे: तुम्ही स्वतः मिसरात गुलाम होता, हे आठवा. म्हणून दास, दासी, परका, इतकेच काय, बैल आणि गाढवालाही विसावा. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकतात. त्यामुळे ही आज्ञा आपल्या भागातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवारच्या विसाव्याचा हुकूम काढला. शहरातल्या न्यायाधीशांना आणि कारागिरांना त्याने थांबवले, पण शेतीला मोकळीक ठेवली, कारण पेरणीची वेळ चुकली तर चुकलीच. शेतकऱ्याला हे पटते. मात्र ती मोकळीक मालकाला उपयोगी पडली, मजुराला नाही.

रामाकोना-सौंसर पट्ट्यात संत्र्याची तोडणी सुरू झाली की आजही तेच होते. गाडी भरायची असते, व्यापारी फोनवर असतो. बागवाला धुतलेले कपडे घालून मिस्सेला येतो, आणि त्याच वेळी त्याच्या बागेत बाया पेटाऱ्या भरत असतात. त्यांचा रविवार सोमवारी द्यायचा की बुधवारी, हे तोडणी ठरवतानाच त्यांच्याशी बोलून ठरवता येते.