शस्त्रदालनातील शब्दांची साक्ष

जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीपासून असईचे रणक्षेत्र फार दूर नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसले यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीशी गाठ पडली. त्या लढाईची स्मृती मुख्यतः तोफांची व कवायती पलटणींची आहे. त्यांचा नायक पोलमन हा तर हॅनोव्हरचा. त्याआधीचा दख्खनी स्वार नखशिखांत पाहावयाचा, तर संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद येथील संग्रहालयांकडेच वळावे लागते.

अशा दालनांत शस्त्रांपेक्षा त्यांच्या नामपट्टिका अभ्यासकाला अधिक अडवितात. ‘तलवार’ आणि ‘चिलखत’ या दोन शब्दांत पुष्कळदा सारे उरकलेले असते. वस्तू टिकली आणि तिचे नाव गेले, म्हणजे तिच्या घडणीचा निम्मा पुरावा गेला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फिरंग हेच उदाहरण घ्यावे. ‘फ्रँक’ या लोकनामापासून अरबी-फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द यूरोपीय पात्याचा वाचक आहे. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर पश्चिम किनाऱ्यावरून अशी सरळ, लांब पाती दख्खनमध्ये येऊ लागली. मूठ मात्र येथील कारागीर बसवीत. अर्थात् एकाच शस्त्रात दोन देश व कित्येकदा दोन काळ एकत्र आलेले असतात. पात्यावरची परदेशी मुद्रा पाहून संपूर्ण शस्त्राचा काळ ठरविणे धोक्याचे होय. मूठही बदलता येते, हे विसरू नये. पुढे फिरंगाच्या घाटाची पाती येथेही घडू लागली, तरी नाव तेच राहिले.

चिलखतांच्या बाबतीत शब्द अधिक बोलके आहेत. ‘चार-आईना’ म्हणजे चार आरसे : छाती, पाठ व दोन्ही कुशी झाकणारे चार पोलादी पत्रे. मुंबईच्या संग्रहालयात अकबराचे म्हणून जपलेले उरस्त्राण १५८१ चे आहे. ‘जिरह’ या फारसी शब्दाचा अर्थ कड्यांचे चिलखत. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतवावयाची, असे हे चिकाटीचे काम. त्यापासूनच आपला ‘जिरेटोप’ आला. डोक्यावर टोप आणि मानेवर लोंबणारी कड्यांची झालर, असे त्याचे मूळ रूप. आज जिरेटोप म्हटला की मोत्यांच्या तुऱ्याचे शिरोभूषणच डोळ्यांपुढे उभे राहते. कड्या गळाल्या, शब्द उरला! ‘जिरे’ म्हणजे काय, हे विचारण्याची गरजही बोलणाऱ्यास भासत नाही.

याउलट ‘तलवार’ संस्कृत ‘तरवारि’पासून प्राकृतमार्गे घरचीच आहे, आणि तिच्या शेजारी फारसी ‘समशेर’ही मराठीत सुखाने नांदली. शिवकाळातील राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग हा स्वतंत्र विभाग असून तेथे यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. त्यांपैकी फारच थोडे लोकांच्या तोंडी बसले. तथापि कोशाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. कोणते परकीय शब्द त्या काळी शस्त्रागारात सर्रास चालत होते, हे तोच आपणांस सांगतो. नामपट्टिका लिहिणाऱ्यांनी प्रथम तो वर्ग उघडावा आणि मग जुन्या दफ्तरांतील शस्त्रांच्या याद्या त्याच्याशी ताडून पाहाव्यात.