रेफ्री, बूट आणि आपली टीम

गेल्या पावसाळ्यात आमच्या ज्युनिअर कॉलेजची फुटबॉल टीम ३-० ने हरली. मी शिकवतो उर्दू आणि मराठी, पण क्रीडाशिक्षक रजेवर असल्यामुळे मुलांना सामन्याला घेऊन जायची जबाबदारी माझ्यावर आली होती. सामना संपल्यावर आम्ही बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा प्यायला थांबलो. खेळलेली अकरा मुलं गप्प होती. बघायला आलेली वीस-पंचवीस मुलं मात्र जोरात बोलत होती.

"सर, रेफ्री उनकाच था."

"अपने को जीतने देतेच नहीं, सर."

तिसरा थोडा हळू आवाजात म्हणाला, "आपली नावं बघूनच ठरलेलं असतं."

मी लगेच काही बोललो नाही. नावावरून घर नाकारलं जातं, नावावरून माणसाकडे बघण्याची नजर बदलते, हे मला माहीत आहे. त्या मुलाला "तसं काही नसतं" म्हणणं खोटं ठरलं असतं. पण सामना मीही पाहिला होता. दुसरा गोल झाला तेव्हा आमचा बॅक ऑफसाइड मागत हात वर करून उभा होता आणि समोरचा मुलगा चेंडू घेऊन पुढे गेला होता. तिसऱ्या गोलच्या वेळी आमच्या पोरांचा दम संपला होता. आणि चिखलाच्या त्या मैदानावर आमची चार मुलं कॅनव्हासच्या शाळेच्या बुटांत घसरत होती. यातलं एकही कारण टपरीवर कोणाच्या तोंडून आलं नाही.

शुक्रवारी एक तास मोकळा मिळाला, तेव्हा मी त्यांना कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंग क्लबची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो आहे, कारण टपरीवरची ती चर्चा आपल्या घराघरांत चालते, आणि ती फक्त फुटबॉलपुरती नसते.

कलकत्ता फुटबॉल लीग १८९८ साली सुरू झाली. ती गोऱ्या क्लबांची आणि लष्करी पलटणींची लीग होती. भारतीय संघांना नंतर प्रवेश मिळाला, तोही मोजून-मापून. बरीच वर्षं पहिल्या विभागात फक्त दोन भारतीय संघांना जागा असे. अशा काळात २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवलं. अकरापैकी दहा खेळाडू अनवाणी होते. आज आपल्याला विसर पडलेली गोष्ट ही, की त्या विजयाचा आनंद मुसलमानांनीही मनापासून साजरा केला. 'द मुसलमान' या कलकत्त्याच्या साप्ताहिकाने मुस्लिम खेळाडूंना झालेल्या आनंदाचं वर्णन छापलं. मौलाना मोहम्मद अली तेव्हा कलकत्त्यातूनच 'कॉम्रेड' काढत होते, त्यांनीही कौतुक केलं. हिंदू भावांनी गोऱ्यांना हरवलं, म्हणजे आपणच जिंकलो, अशी ती भावना होती.

मोहम्मडन स्पोर्टिंग क्लब १८९१ पासून होता, पण पहिली चाळीस वर्षं त्याचं नाव फार कोणी घेत नसे. तो खालच्या विभागात खेळत राहिला. १९३०च्या सुमारास क्लब चालवणाऱ्यांनी बसून जो विचार केला, तो मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. कलकत्त्याची लीग ऐन पावसाळ्यात चालते. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळाडू चपळ असतो, चेंडू त्याच्या पायाला जणू चिकटून राहतो. पण पाऊस पडला की तोच खेळाडू घसरतो आणि बूट घातलेली पलटण त्याला सहज मागे टाकते. भारतीय संघ वर्षानुवर्षं असेच हरत होते आणि त्यांचे चाहते नशिबाला, पावसाला, रेफ्रीला बोल लावत होते. मोहम्मडनने ओल्या मैदानावर बूट घालून खेळायची सवय लावली.

त्यांनी दुसरं काम केलं ते खेळाडू शोधण्याचं. आपल्या मोहल्ल्यातली, ओळखीतली, कमिटीवाल्यांच्या नात्यातली पोरं घेऊन टीम होत नाही. त्यांनी बंगळूर, क्वेट्टा अशा दूरदूरच्या शहरांतून खेळाडू आणले. फुटबॉलचा जादूगार म्हणून प्रसिद्ध असलेला अब्दुस समद तेव्हा चाळिशीला टेकला होता, त्यालाही घेतलं. वय बघितलं नाही, पाय बघितले.

१९३४ साली मोहम्मडन पहिल्यांदाच पहिल्या विभागात आला आणि त्याच वर्षी लीग जिंकला. त्याआधी एकाही भारतीय संघाला ती जिंकता आली नव्हती. मग १९३५, १९३६, १९३७, १९३८. ओळीने पाच वर्षं. १९३६ साली लीगबरोबर आयएफए शील्डही आली.

वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं. पण गोष्ट इथे थांबवली असती, तर ती अर्धी राहिली असती.

या पाच वर्षांत मोहम्मडन ही फक्त फुटबॉलची टीम राहिली नाही. बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक सामन्याला येऊ लागले. शेतकरी, खलाशी, गिरणीतले मजूर, मदरशातली आणि कॉलेजातली मुलं यायची. ज्या समाजाला शिक्षणात मागे, नोकरीत मागे असं सतत ऐकावं लागत होतं, त्याला एक जागा सापडली जिथे तो सर्वांत पुढे होता. हा आनंद खरा होता आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार कोणाला नाही. पण त्याच काळात क्लबच्या कारभारात ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्यासारखे मुस्लिम राजकारणातले मोठे नेते होते. बाहेरचं राजकारण तापत होतं, ते मैदानात उतरलं. मोहम्मडन जिंकला की कौम जिंकली, हरला की कौमवर अन्याय झाला. १९११ साली मोहन बागानच्या विजयात ज्यांना आपला विजय दिसला होता, त्यांच्याच मुलांना पंचवीस वर्षांत मोहन बागान हा 'त्यांचा' संघ वाटू लागला. तिकडच्या प्रेक्षकांतही तेच झालं. दोष एका बाजूचा नव्हता.

आणि टीमवर कौमचं ओझं पडलं की पहिला बळी जातो तो खेळाच्या चर्चेचा. लेफ्ट बॅक आज वाईट खेळला, असं म्हणायची सोय राहत नाही. म्हणणारा लगेच परका ठरतो.

अशा वेळी १९३७ साली आपल्या मुंबईत एक गंमत झाली. रोव्हर्स कपचे सामने मुंबईत होत. तोवर तो कप गोऱ्या पलटणींनीच नेला होता. त्या वर्षी अंतिम सामन्यात एका बाजूला मोहम्मडन स्पोर्टिंग होता आणि दुसऱ्या बाजूला बंगळूर मुस्लिम्स. बंगळूरने १-० ने सामना मारला. रोव्हर्स कप जिंकणारा तो पहिला भारतीय संघ.

मी मुलांना विचारलं, "आता सांगा, त्या दिवशी मोहम्मडनच्या चाहत्याने काय म्हणायचं? कौमवर अन्याय झाला? जिंकणारेही त्याच कौमचे. नावं बघून हरवलं? दोन्हीकडे नावं तीच."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "मग सर, चांगली टीम जिंकली म्हणायचं."

एवढंच. दोन्ही बाजूंना आपलीच माणसं असली की दुसरं काही म्हणताच येत नाही. बंगळूरचा बचाव चांगला होता, आपल्याला गोल मारता आला नाही, पुढच्या वेळी तयारी करू. १९४० साली हेच दोन संघ पुन्हा रोव्हर्सच्या अंतिम फेरीत भेटले आणि त्या वेळी मोहम्मडन १-० ने जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीला रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून त्यांनी ड्युरँड कपही घेतला. १८८८ पासून चाललेल्या या स्पर्धेत असं करणारा तो पहिला भारतीय नागरी संघ.

मग त्या मुलाने विचारलाच तो प्रश्न. "पण सर, रेफ्री खरंच वाईट असला तर?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचंही उत्तर या इतिहासात आहे. १९३९ साली मोहम्मडनने रेफ्री आणि आयएफएच्या कारभाराविरुद्ध तक्रार करत लीग सोडली. पण तो एकटा नव्हता. ईस्ट बंगाल आणि कालीघाट हे क्लबही त्याच्यासोबत बाहेर पडले. ज्या तक्रारीला पुरावा असतो, तिला आपल्या बिरादरीबाहेरचे साथीदार मिळतात. हे तिघे एकत्र का आले? तिघांचं दुखणं मैदानावरचं होतं. पुढच्या वर्षी मोहम्मडन परत आला आणि १९४० व १९४१ ची लीग त्याने जिंकली. अन्याय झाला तर बोलायचंच, लेखी बोलायचं, ज्यांना ज्यांना तो झाला त्यांना बरोबर घेऊन बोलायचं. पण सराव बंद करायचा नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. बूट हा काही जादूचा ताईत नव्हता. याच मोहम्मडनचा मोहम्मद सलीम १९३६ साली स्कॉटलंडला गेला आणि सेल्टिक क्लबकडून पायाला नुसत्या पट्ट्या बांधून, अनवाणी खेळला. युरोपातल्या क्लबकडून खेळणारा तो पहिला भारतीय. तिथले लोक बघत राहिले. घरच्या ओढीने तो लवकरच परत आला. मुद्दा असा, की कुठे बूट लागतात आणि कुठे नाही, हे मैदान ठरवतं. अभिमानाने ते ठरवायला गेलं की घोटाळा होतो.

तो घोटाळा आपल्या देशाने पुढे केलाच. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताची टीम बहुतांशी अनवाणी उतरली आणि युगोस्लाव्हियाकडून १०-१ ने हरली. त्यानंतर कुठे फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. कलकत्त्याच्या एका क्लबला पावसातल्या चिखलाने जे १९३४ च्या आधीच शिकवलं होतं, ते देशाला शिकायला दहा गोल खावे लागले.

त्या टीमचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब उस्मानिया विद्यापीठाच्या टीममधून खेळले होते आणि पेशाने शाळामास्तर होते. माझ्यासारख्या मास्तराला त्यांचं नाव घेताना छाती थोडी फुगते, हे कबूल करतो. दहा गोल खाऊन आलेल्या या माणसाने रडगाणं गायलं नाही. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप नेला. १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांची भारतीय टीम चौथी आली. १९६२ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० ने गेला. अंतिम फेरीत पुन्हा तोच कोरिया समोर होता आणि प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. रहीमसाहेबांनी डोक्याला जखम झालेल्या जर्नैल सिंगला बचावातून काढून पुढे खेळवलं. भारत २-१ ने जिंकला. एक गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा जर्नैलचा. त्या टीममध्ये बंगाली होते, शीख होते, हैदराबादी होते, गोव्याचा फ्रँको होता. रहीमसाहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

आणि मोहम्मडनचं काय झालं? फाळणीत त्याचे किती तरी चाहते सीमेपलीकडे गेले. तरी क्लब राहिला आणि १९४८ ची कलकत्ता लीग त्याने जिंकली. ज्या वर्षी इथल्या मुसलमानाला रोज आपल्या निष्ठेचा जबाब द्यावा लागत होता, त्या वर्षी काळ्या-पांढऱ्या जर्सीतली ही पोरं गुपचूप मैदानात उतरून खेळली. १९८१ नंतर मात्र लीगसाठी चाळीस वर्षं वाट पाहावी लागली. २०२१ साली ती पुन्हा आली, तेव्हा अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्रिनिदादहून आलेल्या मार्कस जोसेफने मारला होता. म्हाताऱ्या चाहत्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असेल, तर ते त्याचं नाव बघून आलं नव्हतं.

तास संपायला पाच मिनिटं होती. मी मुलांना म्हटलं, प्रत्येकाने एका कागदावर आपण का हरलो याची तीन कारणं लिहा. रेफ्री लिहायची मुभा आहे, पण कितव्या मिनिटाला, कोणता निर्णय, हेही लिहायचं.

बत्तीस कागद आले. रेफ्रीचं नाव सात जणांनी लिहिलं. मिनिट आणि निर्णय सांगितला दोघांनी, आणि त्यातल्या एकाचं म्हणणं मला बरोबर वाटलं. ते मी क्रीडाशिक्षकांना दाखवलं. बाकीच्या कागदांवर दम, पासिंग, ऑफसाइडचा नियम नीट माहीत नसणं, हे होतं. टपरीवर हळू आवाजात बोललेल्या त्या मुलाच्या कागदावर एकच ओळ होती : "चार जणांकडे स्टडवाले बूट नव्हते."

स्टाफरूममध्ये वर्गणी काढली. बूट आले. टीम पुढचा सामना २-१ ने हरली, पण कोणी घसरलं नाही.